लेकरू काय करते?

कोणतंही खेळणं काउंटरवर काढलं की सेठजी त्याच्यावर उजवा तळहात ठेवायचे आणि मग तो उचलायचेच नाहीत. गिऱ्हाईक पैसे पुढे करायचं, पिशवी उघडून धरायचं, पण हात तिथेच. मग चष्म्याच्या वरून बघत ते विचारायचे, "पयले सांगा, लेकरू काय करते?"

नवख्या माणसाला प्रश्नच कळायचा नाही. "काय करते म्हंजे? तीन वर्साचं हाय. खाते, झोपते."

"ते तर मी बी करतो," ते म्हणायचे. "अजून काय करते ते सांगा."

कामरगावच्या बसथांब्यासमोर त्यांचं जनरल स्टोअर्स होतं. पुढे वह्या, रिबिनी, टिकल्या, बांगड्या. मागच्या दोन फळ्यांवर खेळणी. सगळं गाव त्यांना सेठजी म्हणे. सेठजी म्हटल्यावर जे पोट डोळ्यासमोर येतं ते त्यांना नव्हतं. सडपातळ, वाकलेले, बारा महिने अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. तुम्हीही असा एखादा दुकानदार पाहिला असेल, ज्याला विकण्यापेक्षा न विकण्यात जास्त गोडी.

एकदा माझ्यादेखत एका बाईंनी सगळ्यात मोठी बाहुली मागितली. नणंदेच्या मुलीचा वाढदिवस होता. सेठजींचा हात बाहुलीवर. "नणंदेले दाखवाले पाह्यजे, का लेकराले खेयाले?"

बाई प्रामाणिक होत्या. "दोन्हीले," म्हणाल्या.

"मंग असं करू. लेकरासाठी हा चेंडू घ्या. नणंदेसाठी वरून चमकीचा कागद लावून देतो."

नवीन माल आला की आधी ते स्वतः खेळून पाहायचे. एकदा मी दुकानात शिरलो तर दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी आणि सेठजी चावीच्या बेडकाकडे टक लावून बसलेले. मला पाहून म्हणाले, "थांबा गुरुजी, बेडूक येऊन राह्यला."

मी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. घर कारंज्याला, रोजचं अप-डाऊन. शाळा सुटली की काळीपिवळी जीप भरेपर्यंत मी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसायचो. त्यांना आतूनच जीपमधली डोकी मोजता येत. "घाई नका करू गुरुजी, तीन माणसं कमी हायेत," म्हणायचे आणि चहा सांगायचे. ते जैन, सूर्य मावळायच्या आत त्यांना जेवायचं असे, म्हणून जीप निघाली की तेही दुकान आवरायला घेत.

अशा एका संध्याकाळी मी त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो.

माझी मुलगी श्रावणी तेव्हा तीन वर्षांची होणार होती. जन्मताना तिला श्वास घ्यायला उशीर झाला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मी एका कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद कपाटात ठेवला. मान धरायलाच तिला दोन वर्षं लागली. डावा हात मुठीत आवळलेला असे. पाय एकमेकांवर चढत. शब्द नव्हते, आवाज होता. हे कामरगावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापकांना एवढंच माहीत होतं की गुरुजींची मुलगी "जरा अशक्त" आहे.

वाढदिवसाला काहीतरी न्यावं म्हणून मी बाहुली मागितली. सेठजींनी बाहुली काढली, तिच्यावर हात ठेवला.

"लेकरू काय करते?"

"काही नाही, आपलं... मुलगी आहे."

"बोलते?"

"हो," मी म्हणालो.

तो "हो" कसा निघाला, मला आजही सांगता येत नाही. दुकानात अजून दोघं उभे होते, त्यातल्या एकाचा मुलगा माझ्या वर्गात होता. कदाचित त्यामुळे. कदाचित ते दोघं नसते तरी मी तेच म्हणालो असतो.

"मंग बोलनारी बाहुली न्या," ते खूश होऊन म्हणाले. "दोघी जनी बोलत बसतीन."

एकदा "हो" म्हटलं की पुढचं सोपं असतं. चौथ्या वाढदिवसापर्यंत माझी श्रावणी कामरगावात अंगणभर धावायला लागली होती. ती कविता म्हणायची, शेजारच्या मांजरीला शाळा शिकवायची. मी वर्गातल्या मुलींच्या गोष्टी उचलून तिच्या नावावर सांगत होतो. सेठजी ऐकत आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्या गुरुजीची पोरगी पाहा, चार वर्साची नाही तं मांजरीले शिकवते." लोक माझ्याकडे कौतुकानं बघत. मला ते आवडत होतं. खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहायचो.

त्या वर्षी त्यांनी तीन चाकांची सायकल दिली. धावणाऱ्या मुलीला दुसरं काय देणार? स्वतः रस्त्यावर येऊन त्यांनी ती जीपच्या टपावर सुतळीनं बांधली. गाठ तीन वेळा ओढून पाहिली. कारंज्यापर्यंत जीपमधली माणसं मला विचारत होती, कोणासाठी, केवढी झाली. मी सांगत होतो.

घरी वर्षानं, माझ्या बायकोनं, सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुसऱ्या दिवशीपासून ती सायकलीच्या हँडलवर श्रावणीची धुतलेली दुपटी वाळत घालू लागली.

पाचव्या वाढदिवसाला सेठजींनी बारीक घुंगरांचा कडा दिला. "आता हातात काही घालाले मागत असन," म्हणाले. तो तेवढा श्रावणीच्या उजव्या हातात राहिला. बाकीचं सगळं कपाटावर. तिच्या हातात काही दिलं की ती पाडायची. दोनतीनदा पडलं की मी उचलून वर ठेवून द्यायचो. तुटेल म्हणून, असं मी म्हणायचो.

या सगळ्या काळात मी शाळेत काय करत होतो तेही सांगायला हवं. दरवर्षी आम्ही घरोघर फिरून विशेष गरजा असणाऱ्या मुलांची नोंद करायचो. काही घरांत आई सांगायची, "नाही गुरुजी, आमच्याकडे तसं कोनी नाही," आणि आतल्या खोलीतून आवाज यायचा. मी त्या बायांना समजावायचो. लेकरू लपवू नका म्हणायचो. लाज कशाची म्हणायचो. माझा आवाज त्या कामाला फार चांगला होता, मुख्याध्यापक मुद्दाम मलाच पाठवत.

मग तो कारंज्याच्या बसस्टँडचा दिवस आला.

श्रावणीला अकोल्याला दाखवायचं होतं. ती वर्षाच्या खांद्यावर होती, मान एका बाजूला, तोंडातून लाळ, पाय खाली लोंबकळत. एवढ्या मोठ्या मुलीला कडेवर घेतलेलं पाहून लोक वळून बघत होते आणि मी नेहमीप्रमाणे दोन पावलं अंतर ठेवून, हातात पिशवी घेऊन, बसची पाटी वाचत उभा होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "गुरुजी, हिकडे कुठं?"

सेठजी होते. भावाकडे आले होते. हातात प्रसादाची पुडी. त्यांनी मला पाहिलं, मग वर्षाला, मग श्रावणीला.

"हे लेकरू?"

"मेहुण्याची मुलगी," मी म्हणालो.

वर्षा माझ्यापासून दोनच पावलांवर होती. तिनं ऐकलं. तिनं फक्त श्रावणीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तसं करताना श्रावणीचा उजवा हात सेठजींच्या तोंडासमोर आला आणि त्यातला कडा वाजला. त्यांच्याच दुकानातला, त्यांनीच निवडून दिलेला.

सेठजींनी तो हात हलकेच धरला. कड्याच्या आत बोट घालून पाहिलं. बोट शिरेना.

"घट्ट झाला," ते म्हणाले. "वाढलं लेकरू." प्रसादाची पुडी त्यांनी वर्षाच्या हातात दिली आणि निघून गेले.

अकोल्यापर्यंत वर्षा खिडकीबाहेर पाहत होती. मीही दुसऱ्या बाजूला पाहत होतो. मध्ये श्रावणी झोपली होती. तुम्ही म्हणाल, माफी मागायची होती. मागायला तोंड उघडावं लागतं, आणि त्या तोंडातून नुकतंच काय निघालं होतं ते आम्ही दोघांनी ऐकलं होतं.

त्यानंतर मी सेठजींच्या दुकानात जाणं सोडलं. शाळा सुटली की रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली उभा राहायचो, पाठ त्यांच्याकडे करून. पंधरा दिवस गेले. श्रावणीचा सहावा वाढदिवस जवळ आला होता. एका संध्याकाळी मागून हाक आली, "गुरुजी, चा थंडा होऊन राह्यला."

त्यांनी दोन कप मागवून ठेवले होते. मी जाऊन स्टुलावर बसलो. मला वाटलं आता विचारतील, खोटं काहून बोललात. ते म्हणाले, "माह्याच हातून चूक झाली. येवढे वर्सं चुकीचं देत राह्यलो. त्या सायकलीचं काय केलं?"

"दुपटी वाळत घालतो."

"मंग कामाची झाली," ते म्हणाले आणि चहा संपवला. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्या मेहुन्याचं लेकरू काय करते?"

मला पळून जावंसं वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. मला सोयीचं जावं म्हणूनच त्यांनी मेहुण्याचं लेकरू ठेवलं होतं. मी खरं सांगेन आणि तरी माझं खोटं मोडणार नाही, अशी वाट त्यांनी मोकळी करून दिली होती.

"काही करत नाही," मी म्हणालो.

"असं कुठं असते? कोनत्या हातानं धरते?"

"बहुतेक... उजव्या."

"कशाले हासते?"

मी आठवून पाहिलं. वर्गातल्या पस्तीस मुलांपैकी कोण कशाला हसतं, कोण गणिताच्या तासाला लघवीला जातं, कोणाला डब्यातली भेंडी चालत नाही, हे मला पाठ होतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तो त्या दुकानातला माझा पहिला खरा शब्द होता.

"मंग पाहून या," सेठजी म्हणाले. "वस्तू कुठं पळून जाते?"

घरी जाऊन मी वर्षाला विचारलं, श्रावणी कशाला हसते. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "माह्या भावाची पोरगी हाय नं ते? त्यालेच जाऊन इचारा."

बसस्टँडनंतर त्या विषयावर ती एवढंच बोलली. पण थोड्या वेळानं, भाकरी उलटून, म्हणाली, "मले इचारू नका. एक दिवस बसून पाहा."

रविवारी मी बसलो. वर्षानं श्रावणीला रोजच्यासारखं स्वयंपाकघराच्या दारापाशी सतरंजीवर, मागे उशी लावून बसवलं होतं. मी समोर भिंतीला टेकून. हातात मोबाईल घ्यायचा नाही, असं ठरवलं होतं. पहिला अर्धा तास काहीच झालं नाही. म्हणजे मला दिसलं नाही.

वर्षानं तिच्या उजव्या हातात एक चमचा दिला. श्रावणीनं तो धरला, बोटं घट्ट केली, मग सोडला. चमचा फरशीवर पडला. मी सवयीनं उचलायला वाकलो. वर्षा म्हणाली, "थांबा."

श्रावणी आईकडे पाहत होती. वर्षानं चमचा उचलून परत दिला. तिनं धरला, थांबली, पुन्हा आईकडे पाहिलं, आणि सोडला. चमचा पडला तसं तिचं सगळं अंग ताठ झालं, डोळे मिटले आणि घशातून एक आवाज आला. मी तो आवाज कित्येकदा दुसऱ्या खोलीतून ऐकला होता आणि तिला काही दुखतंय असं समजून टीव्हीचा आवाज वाढवला होता. ते तिचं हसणं होतं.

असं तीसेक वेळा झालं. मग वर्षानं डब्याचं एक झाकण घेतलं आणि जरा उंचावरून सोडलं. ते कडेवर उभं राहून घरंगळत गेलं, गोल फिरलं, फिरता फिरता आवाज बारीक झाला आणि थांबलं. तेवढा वेळ श्रावणी श्वास रोखून होती. झाकण थांबल्यावर ती अशी हसली की उशीवरून घसरली.

तिच्या हातातून वस्तू पडत नव्हत्या. ती पाडत होती. मी दिलेली बाहुली पाडून तिनं माझ्याकडे पाहिलं असेल आणि मी ती उचलून कपाटावर ठेवली असेल. तिनं तीन वर्षं मला खेळायला बोलावलं आणि मी दरवेळी खेळणं काढून घेतलं.

सोमवारी मी सेठजींना सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"पाडते, का पडते?"

"पाडते. मुद्दाम. आणि वाट पाहते."

"मंग तं हुशार हाय," ते म्हणाले. फळ्यांकडे पाहिलं, मान हलवली. "पन हे माह्या दुकानात नाही. चला."

शेजारीच भांड्यांचं दुकान. सेठजींनी स्टीलच्या डब्यांची झाकणं मागितली, नुसती झाकणं, आणि एकेक दुकानाच्या दगडी पायरीवर सोडून पाहायला लागले. भांडेवाला म्हणाला, "सेठजी, काय करून राह्यले? पोचे पडतीन."

"पोचा पडला तं तेच घेईन. तू चूप ऐक."

झाकण फिरायचं, ते कान तिरका करून ऐकायचे, "हे लवकर मरते," म्हणून बाजूला ठेवायचे. रस्त्यावरची माणसं थांबली. मी उगीच मोबाईल काढून पाहायला लागलो. अर्ध्या तासानं लहानमोठी पाच झाकणं निघाली. प्रत्येकाच्या कडेवरून त्यांनी अंगठा गोल फिरवला, कुठे धार नाही ना म्हणून. मग कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मी येऊ काय वाढदिवसाले?"

मी हो म्हणालो. मग मुख्याध्यापकांना आणि आणखी दोन शिक्षकांनाही बोलावलं. वर्षाला वाटलं, माझ्यात काहीतरी बदललं. मलाही तसंच वाटलं होतं.

वाढदिवस रविवारी दुपारी चारला ठेवला. मुख्याध्यापक सपत्नीक आले. कुणी बाहुली आणली, कुणी रंगपेटी, एकानं तर दप्तर. श्रावणी नवा फ्रॉक घालून खुर्चीत पट्ट्यानं बसवलेली. लोक तिच्याकडे पाहून "अरे वा" म्हणत आणि मग चिवड्याकडे बघत. मी मोठी बाहुली तिच्या मांडीवर नीट टेकवून ठेवली होती, फोटोत बरी दिसावी म्हणून. झाकणं आत ओट्यावर कागदातच होती. सहाव्या वाढदिवसाला बापानं डब्याची झाकणं दिली, हे मुख्याध्यापकांसमोर मला काढवेना.

सेठजी धुवट पांढरा शर्ट घालून आले. स्वेटर नव्हता, त्यामुळे आधी ओळखूच आले नाहीत. सगळीकडे नजर फिरवून त्यांनी हळूच विचारलं, "आपली वस्तू?"

"नंतर, सेठजी. पाहुणे गेले की."

"बरं," ते म्हणाले.

खुर्ची रिकामी असून ते श्रावणीच्या पायाशी जमिनीवर बसले. खिशातून दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तिच्या उजव्या हातात दिला. तिनं धरला. त्यांच्याकडे पाहिलं. सेठजी तोंड उघडं ठेवून वाट पाहत होते, बेडकाची पाहायचे तशी. तिनं सोडला. जुडगा फरशीवर आपटला आणि श्रावणी ताठ होऊन हसली, तोच आवाज, सगळ्या खोलीत. मुख्याध्यापकांचा हात चिवड्याच्या बशीत थांबला.

मी रुमाल घेऊन पुढे झालो. लाळ पुसायला, असं कुणालाही वाटलं असतं. मला तिचा आवाज दाबायचा होता. रुमाल मी तिच्या तोंडावर ठेवलाही. सेठजींनी माझ्याकडे न बघता माझं मनगट धरून हात बाजूला केला आणि जुडगा उचलून पुन्हा तिला दिला.

सातआठ वेळा झालं. मुख्याध्यापकांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, ही तर खेळतेय."

तेवढ्यात वर्षा आत गेली. झाकणं घेऊन आली, सगळ्यांसमोर कागद फाडला आणि पाचही झाकणं सेठजींच्या पुढ्यात ठेवली. मग पंधरा मिनिटं आमच्या घरात जो आवाज झाला तो चाळीत शेवटच्या खोलीपर्यंत गेला असेल. दोन्ही शिक्षक खाली बसून झाकणं गोळा करत होते. मी रिकामा ट्रे घेऊन दारात उभा होतो. मला कुणी बोलावलं नाही आणि मी गेलो नाही.

वर्षानं सेठजींसाठी कांदा-बटाट्याशिवाय वेगळे पोहे केले होते. ते त्यांनी तिथेच जमिनीवर बसून खाल्ले. ऊन कलल्यावर मी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत कितीदा तरी शब्द जुळवले. शेवटी म्हणालो, "सेठजी, त्या दिवशी इथंच मी..."

"बस आली पाहा," ते म्हणाले. बस अजून आली नव्हती. ती यायला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं आम्ही पोह्यांबद्दल बोललो.

पुढे मी दुकानात जात राहिलो. ते श्रावणीबद्दल विचारत आणि मी खरं ते सांगत असे, कधी चांगलं, कधी नाही. ती एकदा आजारी पडली तेही सांगितलं. पण माझी मुलगी, माझी श्रावणी, असे शब्द मी त्यांच्यासमोर उच्चारले नाहीत. त्यांनीही ते माझ्याकडून काढून घेतले नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या छातीत दुखलं, अमरावतीला नेलं, आणि तिथेच गेले. मला फोनवर निरोप आला तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते. जे एक वाक्य बोलायचं होतं ते आता कुणाला बोलणार?

तिसऱ्या दिवशीचा उठावणा, म्हणजे शोकसभा, कारंज्यात, त्यांच्या समाजाच्या सभागृहात होता. मी कपडे केले आणि श्रावणीला उचललं. वर्षा म्हणाली, "तिले नेता?"

"नेतो."

"तेथं आवाज करन."

"करू दे," मी म्हणालो. म्हणायला सोपं होतं.

सभागृह भरलेलं होतं. माणसं पांढऱ्या कपड्यांत खाली बसलेली. मी मागे भिंतीशी श्रावणीला मांडीवर घेऊन बसलो. मंत्र म्हणून झाला आणि सगळे दोन मिनिटं स्तब्ध झाले. त्या शांततेत श्रावणीनं मान वर फेकली, ताठ झाली आणि मोठ्यानं हसली. एकदा, मग पुन्हा.

शंभर माणसं वळली. माझा हात तिच्या तोंडाकडे गेला. माझं मनगट धरायला आता कुणी नव्हतं. तो मी मोठ्या मुश्किलीनं गुडघ्यावर ठेवला. पुढच्या ओळीतले एक अनोळखी गृहस्थ वळून हळूच म्हणाले, "लेकराले काही दुखून राह्यलं काय?"

"नाही," मी म्हणालो. "माझी मुलगी आहे. हसतेय. त्या पंख्याचा आवाज ऐका, फिरताना मध्येच टक करते. त्याला हसतेय."

ते म्हणाले, "असं काय," आणि वर पाहिलं. त्यांच्या शेजारच्यानंही पाहिलं. मग एकेक करत ती ओळ, तिच्या पुढची ओळ, माना वर करून पंख्याकडे पाहू लागली, आणि पंखा टक करायची वाट बघत सगळे तसेच बसून राहिले.